उतरत्या पाठीची मोटार आणि गंगाखेडचा घाट

गेल्या कार्तिकात आम्ही पुण्याहून गंगाखेडास मोटारीने जाऊन आलो. गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसलेले. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून ते वारकऱ्यांस ठाऊक आहे आणि अस्थिविसर्जनाचे क्षेत्र म्हणून सगळ्या मराठवाड्यास. तिकडची मंडळी त्यास दक्षिण काशी म्हणतात. आमचे जाण्याचे कारण मात्र घरगुती होते. गंगाखेड हे आमच्या मोठ्या काकूंचे माहेर.

काकू १९६३ साली लग्न होऊन पुण्यास आल्या. परभणीपासून मनमाडपर्यंत लहान रुळांची आगगाडी, मनमाडास ओझी उतरवून मोठ्या रुळांच्या गाडीत बसावयाचे, असा तो तेव्हाचा प्रवास. पुढे भाऊ निवर्तले, घर विकले गेले, आणि वीस वर्षांत काकूंचे तिकडे जाणे झाले नाही. आता त्यांस ऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत. गुडघे जिन्याच्या चार पायऱ्यांनाही दाद देत नाहीत. श्रावणात एके दिवशी वाती वळता वळता त्या म्हणाल्या, "एकदा गंगा डोळ्यांनी पाहिली की मग मला कुठे न्या म्हणून मी म्हणणार नाही." आमच्या काकू मागणे करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यामुळे ते वाक्य घरात सर्वांच्या मनास लागून राहिले.

याच सुमारास आमच्या पुतण्याने नवी मोटार घेतली, आणि घरात दोन पक्ष पडले. मोटारीचे तोंड जीपसारखे उंच व रुंद, चाके मोठी. पण छत मध्यापासून पुढे उतरू लागते ते थेट शेपटापर्यंत. आमच्या वडील बंधूंनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "हिच्या पाठीवर कुणी बसून उठलेले दिसते." पुतण्याच्या मते हीच तर तिची शोभा. बंधूंचे म्हणणे असे की, घरात बारा माणसे, पैकी चार साठीच्या पुढची. अशा घरात मोटार घ्यावयाची तर मागच्या बाकाकडे पाहून घ्यावी, आणि या मोटारीत नेमका मागचा बाकच कापलेला आहे. बंधूंनी हे रागाने म्हटले खरे, पण नकळत ते शब्दाच्या मुळापर्यंत जाऊन पोहोचले. या घाटाच्या गाडीस 'कूपे' म्हणतात, आणि फ्रेंच भाषेत त्या शब्दाचा अर्थच मुळी 'कापलेली' असा आहे. घोड्यांच्या बग्ग्यांच्या काळी समोरासमोर दोन बाकांची जी मोठी बग्गी असे, तिचा एक बाक कापून टाकून दोघांपुरती आटोपशीर गाडी करीत, ती कूपे. पुढे मोटारी आल्या तेव्हा उतरत्या छताच्या व दोन दारांच्या वेगवान गाडीस तेच नाव पडले.

दुसरा शब्द 'क्रॉसओव्हर'. जुन्या जीपगाडीस खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा असे व त्यावर वरची पेटी बसविलेली असे. क्रॉसओव्हरमध्ये सांगाडा आणि पेटी एकजीव असतात, साध्या मोटारीप्रमाणे. उंची तेवढी जीपची घेतलेली. म्हणून ती खड्ड्यांस भीत नाही आणि वळणावर जीपसारखी डुलतही नाही. या उंच गाडीस कूपेची उतरती पाठ लावण्याची कल्पना परदेशात आधी आली. कोरियाच्या सांगयाँग कंपनीने २००५ साली अशी एक गाडी काढली, आणि २००८ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीच्या एक्स-सिक्समुळे तिचा बोलबाला झाला. मध्यम मिळकतीच्या भारतीय कुटुंबास परवडेल अशी ही तऱ्हा आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टपासून मिळू लागली. त्या महिन्यात सीट्रोएनची बसाल्ट बाजारात आली आणि टाटांची कर्व्ह प्रथम विजेवर चालणारी म्हणून आली. पेट्रोल व डिझेलवर चालणारी कर्व्ह सप्टेंबरात निघाली. त्याच सालच्या नोव्हेंबरात महिंद्रांनी आपली विजेवरची बीई सिक्स दाखविली. ती तर आपल्या चाकणलाच तयार होते.

पुतण्याची गाडी यांपैकी कोणती, हे आम्ही सांगत नाही. मासिकाचे पान ही जाहिरातीची जागा नव्हे, आणि पुढे जे बरेवाईट लिहिले आहे ते त्या आकाराविषयी आहे, कोणा कारखानदाराविषयी नव्हे. इंजिन पेट्रोलचे, तीन नळकांड्यांचे, टर्बोचे आणि गिअर आपोआप बदलणारे, एवढे पुरे.

सूर्योदयापूर्वी निघालो. पुतण्या सारथ्यास, आम्ही त्याच्या शेजारी, मागे काकू व आमची मंडळी. हीच आमच्या घरची रीत. मोटार कोणतीही असो, पुढची जागा घरातील वडील पुरुषाची आणि बायका मागे. ही रीत कोणी लावली हे सांगता येणार नाही, पण ती आजवर कोणी मोडली नव्हती.

वाघोलीची गर्दी संपून कोरेगावजवळ भीमा ओलांडली तेव्हा उजाडले. रांजणगावास महागणपतीचे दर्शन घ्यावयाचे म्हणून थांबलो. येथेच औद्योगिक वसाहतीत टाटा व फियाट यांचा सामाईक कारखाना आहे, आणि गणपतीच्या रांगेत उभ्या असलेल्या निम्म्या मंडळींच्या अंगावर कारखान्यांचे गणवेश होते. काकू मागच्या दाराने उतरू लागल्या. बसताना पहाटेच्या काळोखात आमच्या मंडळींनी त्यांच्या डोक्यावर हात धरून त्यांस आत घेतले होते. उतरताना ते कोणाच्या ध्यानात राहिले नाही. दाराची वरची कड पाठीमागे जशी उतरत जाते तशी ती उतरणाऱ्याच्या कपाळास आडवी येते. काकूंस चांगलाच ठोसा बसला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पदर कपाळास दाबून उभ्या राहिल्या. पुतण्याचे तोंड मात्र उतरले. दर्शन घेऊन परत आलो तेव्हा त्याने पुढचे दार उघडले आणि आमच्याकडे न पाहता म्हणाला, "काकूआजी, तू पुढे बस."

काकूंनी आमच्याकडे पाहिले. "पुढे? मी?" आम्ही काय म्हणणार? आम्ही मागे जाऊन बसलो.

मोटारीची खरी परीक्षा आमच्यापुरती तेथून सुरू झाली. पुढच्या जागेविषयी काकूंचे मत प्रथम सांगितले पाहिजे, कारण ते अनुकूल पडले. साध्या मोटारीत बसावयाचे तर खाली बुडी मारावी लागते, जुन्या जीपमध्ये वर चढावे लागते. दुखऱ्या गुडघ्यास दोन्ही सारखीच शिक्षा. क्रॉसओव्हरची बैठक उभ्या माणसाच्या कमरेच्या अंमळ खाली येते. काकू दाराशी पाठ करून उभ्या राहिल्या, अलगद टेकल्या आणि पाय आत घेऊन सरळ झाल्या, ओट्यावर बसल्याप्रमाणे. त्यानंतर दोन दिवस त्यांस चढउतार करण्यास कोणाचा हात लागला नाही. ज्या घरात गुडघ्यांचे दुखणे आहे त्यांनी मोटार घेण्यापूर्वी सारी वैशिष्ट्ये बाजूस ठेवून एवढी एकच गोष्ट करून पाहावी: दुखणाइतास बरोबर न्यावे आणि त्यास दहा वेळा बसवून उतरवावे. हे विक्रेत्यास आवडत नाही, न आवडो.

मागच्या बाकाचा हिशेब निराळा. आमची उंची पाच फूट दहा इंच. पाय पसरण्यास जागा मुबलक, पाठ थोडी कलती, गादी उत्तम. परंतु ताठ बसले की केस छताच्या अस्तरास लागत आणि खड्डा आला की केसांच्या खालचे जे काय असते तेही लागे. बुटक्या माणसास व मुलांस तक्रारीचे कारण नाही. मागची काच इतकी निजलेली की तीतून रस्त्याची एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसते. गाडी मागे घेताना पुतण्या पडद्यावरील चित्राकडेच पाही. उलट सामानाची पेटी पाहून आमच्या मंडळी प्रसन्न झाल्या. कर्व्हची ही पेटी पाचशे लिटरांची आणि बसाल्टची चारशे सत्तर लिटरांची आहे. चौघांच्या वळकट्या, फराळाचे डबे, पाण्याचा कॅन आणि काकूंची घडीची खुर्ची, एवढे आत जाऊन वर दार लागले. म्हणजे माणसांच्या डोक्यावरून काढून घेतलेली जागा सामानास मिळाली आहे, असे म्हणावयाचे.

या शेपटास आणखी एक किंमत आहे. चार मीटरांच्या आत बसणाऱ्या व बाराशे घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या मोटारीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे; त्यापलीकडच्या मोटारीवर चाळीस टक्के. कर्व्हची लांबी ४,३०८ मिलिमीटर आहे, बसाल्टची ४,३५२. तेव्हा इंजिन बाराशेच्या आत असले तरी कर चाळीसच. पुतण्याने हे आकडे घरात सांगितले नव्हते. आम्ही शिरूर ते सुपे या पट्ट्यात त्याच्याकडून काढून घेतले.

अहिल्यानगर मागे टाकून कडा, आष्टी, जामखेड अशी वाट धरली. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन नद्यांस मोठे पूर आले होते. त्याच्या खुणा सर्वत्र होत्या. ओढ्याकाठची शेते खरवडून निघालेली, काही ठिकाणी काळ्या मातीच्या जागी नुसता मुरूम; कपाशी काळवंडून उभी. कित्येक फरश्यांच्या कडा वाहून गेल्या होत्या. अशा जागी गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे हा प्रश्न फुकटचा राहत नाही. आमच्या गाडीचे पोट एकदाही घासले नाही. पुतण्या मोठ्या उत्साहाने हे बोलून दाखवू लागला तेव्हा काकू बाहेर पाहत म्हणाल्या, "त्या माणसाची विहीर बुजली बघ." तो गप्प झाला.

जामखेडच्या पुढे सौताड्याहून बालाघाटाच्या रांगा लागतात. मांजरा नदी याच डोंगरात, पाटोदे तालुक्यात उगम पावते आणि दूरवर वळसा घेऊन अखेर गोदावरीस मिळते. येथून मांजरसुंब्यापर्यंत आणि तेथून केजकडे रस्ता चढउतारांचा व मोकळा. गाडीच्या वेगाची हौस येथे फेडून घेतली, म्हणजे पुतण्याने घेतली.

टर्बो म्हणजे काय, हे आमच्या मंडळींनी विचारले, तेव्हा त्याने सांगितले ते असे. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू वाया न घालविता त्याच्या जोरावर एक लहानसा पंखा फिरवितात. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा अधिक म्हणून इंधनही अधिक जाळता येते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. कर्व्हच्या वरच्या प्रतीच्या पेट्रोल इंजिनातून अवघ्या बाराशे घनसेंटिमीटरांत १२५ अश्वशक्ती मिळते, ती यामुळे. मात्र पंख्यास वेग येईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. पाय दाबावा, काही घडू नये, आणि मग मागून कोणी ढकलल्यासारखी गाडी उसळावी, असा तो प्रकार आहे. ट्रक ओलांडताना हा क्षण मनात धरून चालावे लागते. आपोआप बदलणाऱ्या गिअरांचेही दोन मार्ग आहेत. एकात तेलाच्या माध्यमातून इंजिनाची फिरत चाकांकडे जाते. ते शांत, थोडे सुस्त. दुसऱ्यात दोन क्लच असतात, एकाकडे विषम गिअर व दुसऱ्याकडे सम. तिसरा चालू असता चौथा तयार उभा असतो, त्यामुळे बदल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो. मोकळ्या रस्त्यावर दुसरा मार्ग सरस. शहरातल्या मुंगीच्या चालीत मात्र त्याचे क्लच सारखे घासून तापतात, म्हणून तेथे पहिला बरा. चालविण्याच्या तऱ्हाही बटणाने बदलता येतात. 'स्पोर्ट' म्हटले की गिअर लवकर वर जात नाही, सुकाणू जड होते आणि पाय जरा लागला की गाडी धावते.

पुतण्याने ते बटण दाबले. गाडी सरसावली, हे खरेच सांगितले पाहिजे. चढावर तिला दम लागला नाही, वळणावर ती कलली नाही, आणि आम्हांसही, मागे डोके चोळीत बसलो असता, तारुण्यातल्या फटफटीची आठवण झाली. घाटमाथ्याचा वारा, पिवळे पडलेले गवत, दूर खाली तळी चकाकत असलेली. पंधरा-वीस मिनिटे कोणी बोलले नाही. मग काकूंचा हात पुढच्या कप्प्याच्या कडेस घट्ट धरलेला आम्हांस दिसला. पुतण्यासही दिसला असावा, कारण बटण पुन्हा दाबले गेले आणि इंजिनाचा आवाज खाली आला. भारत एनकॅप या सरकारी चाचणीत कर्व्हला पाच तारे व बसाल्टला चार तारे मिळाले आहेत, सहा हवेच्या पिशव्या असतात, गाडी घसरू लागल्यास यंत्र आपण होऊन ब्रेक आवरते, हे सारे ठीक आहे. शेजारी बसलेल्या म्हातारीच्या हाताची बोटे पांढरी झाली, हे सांगणारे यंत्र अजून बसविलेले नाही.

मुक्काम अंबाजोगाईस केला. योगेश्वरीचे हे स्थान कित्येक कोकणस्थ घराण्यांचे कुलदैवत असल्यामुळे आमच्या वाचकांस त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही; मुकुंदराजांची समाधीही येथीलच. दुसरे दिवशी सकाळी घाट उतरून परळीस आलो. वैजनाथाचे दर्शन घेतले. परळी सोडली की डोंगर मागे राहतात आणि गोदावरीच्या खोऱ्याची सपाट काळी जमीन सुरू होते. वर काचेचे छत होते. पुतण्याने तोंडाने हुकूम करताच त्यावरचा पडदा मागे सरकला. काकूंनी मान वर करून बराच वेळ पाहिले. "आमच्या गाडीला वर पालच नसे," त्या म्हणाल्या. बैलगाडीविषयी बोलत होत्या, हे आमच्या थोड्या वेळाने ध्यानात आले.

गंगाखेडात शिरताच आमच्या रुंद गाडीचा तोरा उतरला. बाजारातील गल्ल्या मोटारीसाठी आखलेल्या नाहीत. हातगाड्या, उसाच्या ट्रॉल्या, पेंडीची पोती, आणि दर वळणावर पुतण्या पडद्यावरची चार बाजूंची चित्रे पाहत इंचाइंचाने पुढे जात होता. काकूंस चित्रांची गरज नव्हती. "डावीकडे घे. इथे कासाराचं दुकान होतं. आता सरळ." दुकाने सारी बदललेली, वळणे मात्र जुनीच, त्यामुळे त्या एकदाही चुकल्या नाहीत. माहेरच्या घराच्या जागी तीन मजली इमारत उभी होती. तेथे थांबू का, असे विचारले. "नको," म्हणाल्या, "चल पुढे."

जनाबाईंच्या मंदिरात थोडा वेळ बसलो. जनाबाई याच गावी जन्मल्या आणि लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी कामास राहिल्या. पुढचे सारे आयुष्य नामदेवांच्या त्या घरात दळणकांडण करण्यात गेले. गावाने त्यांना आपली लेक म्हणून धरून ठेवले आहे. गाव सोडून गेलेल्या मुलीवर गावाचा हक्क इतकी शतके टिकावा, हे काकूंस फार आवडते. लहानपणी त्या मैत्रिणींत "जनी आमच्या आळीची" असे भांडत असत, असे त्यांनी तेथे सांगितले.

नदीपर्यंत मोटार जाते, घाटापर्यंत नाही. गाडी लावून खुर्ची काढली आणि काकूंस घाटाच्या वरच्या पायरीशी बसविले. पाणी कार्तिकातल्या मानाने पुष्कळ होते, अजून गढूळच. पुराचा गाळ खालच्या पायऱ्यांवर वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. एका बाजूस कोणाच्या अस्थी आलेल्या, मुंडन चाललेले. दुसऱ्या बाजूस दोन पोरे शेळ्या धूत होती. तीस-पस्तीस पायऱ्या आणि त्यांवर गाळ. काकूंनी पायऱ्यांकडे पाहिले, आपल्या गुडघ्यांकडे पाहिले आणि हसून म्हणाल्या, "बघेन म्हटलं होतं. उतरेन म्हटलं नव्हतं."

पुतण्या खाली गेला. त्याने तांब्याचा गडू भरून आणला आणि काकूंच्या पायांवर थोडे पाणी घातले. त्यांनी वाकण्याचा प्रयत्न केला, मग ओंजळ पुढे केली. त्याने ओंजळीत पाणी दिले. त्यांनी ते डोळ्यांस लावले. आम्ही तासभर तेथे बसलो. कोणाचे नाव घेऊन त्या रडल्या नाहीत, एकदा फक्त विचारले, "रेल्वेचा पूल इथून दिसायचा का रे?" मग आपणच म्हणाल्या, "नाही, तो आमच्या गच्चीवरून."

निघण्यापूर्वी गडू पुन्हा भरून घेतला. घरी देवापाशी ठेवावयाचा म्हणून त्याचे तोंड फडक्याने बांधले. पेय ठेवण्याचे दोन सुबक खळगे मोटारीत आहेत, पण गडूचे पोट त्यांत जाईना. मागच्या पेटीत सामानात ठेवण्यास काकू तयार होईनात. शेवटी पुढच्या जागेवर बसून त्यांनी तो दोन्ही हातांनी मांडीवर धरला.

परतीच्या वाटेवर घाट तोच, रस्ता तितकाच मोकळा. गाडी मात्र वळणावळणाला बैलगाडीसारखी जात होती. मागून येणारी लाल बस दोनदा भोंगा वाजवून पुढे निघून गेली. बालाघाट चढत असता आम्ही मागून विचारले, "काय रे, ते बटण बिघडले काय?"

"काका, गडू सांडेल," तो म्हणाला.

पुण्यास रात्री अकरास पोहोचलो. वडील बंधू दारात उभे होते. त्यांनी गडू हातात घेऊन फडके सोडले आणि आत पाहिले. पाणी काठापासून बोटभर खाली होते.